दमणीतले मुक्काम आणि ऊन पाणी

मागच्या वेळी आपण कर्जाच्या नोंदवहीबद्दल बोललो होतो. आज तो विषय नाही. आज आम्ही फिरण्याबद्दल बोलणार आहोत, आणि अंघोळीबद्दल. हसू नका. दोन्हींना मोठा इतिहास आहे आणि तो आपला आहे.

झालं असं की दिवाळीनंतरच्या मासिक सभेत विषय निघाला, की या वर्षी गटाने चार दिवस कुठेतरी जाऊन यावं. आमची गावं नागपूरच्या हिंगणा बाजूची. अकरा जणींचा गट. लगेच दोन मतं पडली. एक जण म्हणाली, बचतीचा पैसा फिरायला नाही. दुसरी म्हणाली, मग काय मेल्यावर फिरायचं? वाद वाढला तेव्हा ज्यांच्या ओसरीवर सभा भरली होती त्या घरची आजी, वय ऐंशीच्या पुढे, दारातूनच बोलली, "आमी तं दमणीत बसून महादेवाले गेलो होतो वो. जाताना बारा-तेरा दिस लागले. रस्त्यानं जिथं पानी दिसे तिथं उतरो, आंगपाय धुवो, पानगे लावो. घराची याद बी नाही आली मले."

शेवटच्या वाक्यावर सगळ्या गप्प झाल्या. मग आजीची सून हसली आणि मग सगळ्याच हसल्या.

तर दमणीपासूनच सुरुवात करू. लहान पोरींना शब्दच माहीत नाही म्हणून सांगतो. शेतमाल वाहायची ती बंडी. पुरुषमाणसं तालुक्याला जायची ती रेंगी, हलकी, वर उघडी. आणि बाया-लेकरांना न्यायची ती दमणी, काही गावांत धमणी म्हणतात. वर बांबूच्या कमट्यांचं गोल छत, त्यावर कापड किंवा तट्ट्या, मागेपुढे पडदा. खाली तणसाची जाड गादी, तिच्यावर वाकळ. एका कोपऱ्यात पिठाचा डबा, तिखट-मीठ, डाळ, तेलाची बुधली. गाडीच्या खाली कंदील आणि बादली टांगलेली. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. त्यांचा आवाज ऐकून पोरं झोपत आणि तो थांबला की जागी होत, असं आजी सांगते.

आता अमेरिकेत लोक घरासारखी मोठी गाडी घेऊन महिना-महिना फिरतात. आत पलंग, चूल, संडास सगळं. वाटेत गरम पाण्याचे झरे लागले की उतरून डुंबतात, पुन्हा पुढे निघतात. आपल्याकडेही २०२१ साली महाराष्ट्र शासनाने अशा गाड्यांसाठी कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याचं चित्र मोबाइलवर आजीला दाखवलं, तर ती म्हणाली, "बैल कुठं हायेत?" बाकी तिला त्यात नवीन काही दिसलं नाही.

बैलगाडीचा वेग लक्षात घ्या. दिवसाला सात-आठ कोस, म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटर. नागपूरहून रामटेक म्हणजे दोन दिवस. पचमढीचा महादेव अडीचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आजीचे बारा-तेरा दिवस बरोबर जुळतात. बैलांना दुपारी सोडावंच लागे, त्यांना पाणी पाजावंच लागे. म्हणून रस्त्याचा नकाशा म्हणजे पाण्याचा नकाशा होता. कोलार, कन्हान, पेंच या नद्या, अमक्या पाटलाची विहीर, तमका तलाव, शेजारी आमराई. बैल थांबले की बाया उतरायच्या. नदीत अंघोळ, लुगडी धुणं, वाळूत सुकवणं. एकीनं पळसाच्या पानांत पानगे थापायचे, दुसरीनं गोवऱ्या पेटवायच्या. घरीही हीच कामं असत. पण घरी सासू बघत असे आणि इथे नदी वाहत असे. फरक इतकाच, आणि तो फार मोठा.

आमच्या आज्या-पणज्यांना फिरायला जाते म्हणायची सोय नव्हती. बाईने उंबरा ओलांडायची कारणं मोजकी. माहेर, बाळंतपण, मर्तिक आणि देव. त्यातल्या त्यात देव सगळ्यांत लांब असायचा, म्हणून बरा. वऱ्हाड-नागपुराकडून शिवरात्रीला महादेवाकडे जाणाऱ्या जथ्याला पोहा म्हणतात. त्या पोह्यात बाया जात, महादेवाची गाणी म्हणत. पुण्य किती पदरात पडलं ते देव जाणे, पण मोकळी हवा नक्की मिळे.

मोठ्या घरच्या बायांच्या यात्रा कागदावर उतरल्या आहेत. बाजीराव पेशव्यांच्या आई राधाबाई १७३५ साली काशीयात्रेला निघाल्या. वाटेतल्या राजपूत राजांनी त्यांचा सत्कार केला, त्याच्या नोंदी आहेत. पंडिता रमाबाईंचं तर बालपणच रस्त्यावर गेलं. त्यांचे वडील अनंतशास्त्री आणि आई लक्ष्मीबाई तीर्थांमागून तीर्थं हिंडत राहिले आणि १८७४च्या सुमारास दुष्काळात दोघंही वारले. पुढे त्याच रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि १८८९ साली तिथलं प्रवासवर्णन मराठीत छापलं. पण दमणीत बसून गेलेल्या कुणबी, तेली, माळी, महार बायांची नोंद कोण करणार? ती फक्त त्यांच्या तोंडी राहिली. म्हणून आमचं म्हणणं आहे, घरात म्हातारी माणसं असतील तर विचारून घ्या. पुढच्या वर्षीवर ढकलू नका.

मुक्काम सगळ्यांना सारखा नव्हता, हेही सांगायला हवं. आमच्या गटातल्या तिघी म्हणाल्या, आमच्या आज्यांची गाडी आमराईत थांबत नसे. विहिरीवर त्यांचा हात लागू देत नसत. कुणीतरी वरून ओतेल तेव्हा ओंजळीत पाणी. नदीतही खालच्या अंगाला उतरायचं, वरच्या अंगाला बाकीच्या. २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यात उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले, ते या रोजच्या गोष्टीसाठी. अंघोळीची मजा सांगताना हा भाग गाळला, तर ती अर्ध्याच बायांची गोष्ट होईल.

पाणी नेहमी चांगलंच करतं असंही नाही. १८६०च्या दशकात पचमढीच्या महादेवाच्या जत्रेत कॉलऱ्याची साथ पसरली. हजारो लोक, एकाच झऱ्यावर अंघोळ, तिथंच पिणं. परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर साथ गावोगाव गेली आणि इंग्रज सरकारने काही वर्षं जत्राच बंद ठेवली. फोर्साइथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७१ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्या डोंगरांचं आणि त्या जत्रेचं वर्णन केलं आहे.

मग आगगाडी आली. १८६७ साली मुंबईकडची लाइन नागपूरला पोचली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छिंदवाड्याकडे छोटी लाइन झाली, तिला आपण लहान गाडी म्हणायचो. ती २०१५ साली बंद पडली, आता मोठी लाइन आहे. आगगाडीने देव जवळ आणला, पण मधले मुक्काम गेले. आजीने दुसऱ्यांदा महादेव केला तो लहान गाडीनं आणि मोटारीनं. "गेलो अन् आलो," एवढंच सांगते. त्या यात्रेची तिच्याकडे काहीच गोष्ट नाही.

शेवटी सभेत ठरलं. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, प्रत्येकीनं चार महिने वेगळे पैसे टाकायचे, टेम्पो ट्रॅव्हलर भाड्यानं घ्यायची, गॅस आणि गंज-पातेली सोबत. घाई करायची नाही. आणि वाटेतले मुक्काम गरम पाण्याच्या झऱ्यांवर ठेवायचे, कारण सगळ्यांचेच गुडघे नि कंबर सोयाबीन सोंगून आणि कापूस वेचून कामातून गेलेली.

कोकणात अशा झऱ्यांना उन्हाळे म्हणतात. आपल्याकडे नावातच ऊन असतं. ऊन म्हणजे गरम, उनउन भाकर म्हणतो ना, तसं. जळगाव जिल्ह्यात चोपड्याजवळ उनपदेव, तिथे गोमुखातून गरम पाण्याची धार बारा महिने पडते. नांदेड जिल्ह्यात पैनगंगेकाठी उनकेश्वर. अमरावती जिल्ह्यात मोर्शीजवळ साळबर्डी. पचमढीच्या पायथ्याकडे अन्होनी, तिथल्या पाण्याला गंधकाचा वास. तिकडे मुंबईजवळ वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. थॉमस ओल्डहॅम हे आपल्या देशाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख. त्यांनी हिंदुस्थानातल्या अशा झऱ्यांची यादी केली होती, जवळजवळ तीनशेंची. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलाने ती १८८२ साली छापून काढली. म्हणजे ही काही दोन-चार ठिकाणांची नवलाई नाही.

पाणी गरम का होतं? आमच्यातल्या एकीला वाटे, खाली ज्वालामुखी असेल. आपल्याकडे तसं नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरतं. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की उष्णता साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढते. खोल गेलेलं पाणी तापतं आणि एखादी मोठी भेग सापडली की लवकर वर येतं, निवायच्या आत. वाटेत खडकातले क्षार घेऊन येतं, म्हणून चव आणि वास वेगळा. आपल्या अंघोळीच्या बंबासारखंच, फक्त लाकडं कुणी टाकत नाही.

आम्ही संक्रांतीनंतर निघालो. पहिला मुक्काम साळबर्डी. काटोल, वरूड, मोर्शी अशी वाट, दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा. दुपारी एका बागेच्या कडेला गाडी थांबवून शिदोरी खाल्ली. गाडीवाला सारखा घड्याळ बघे. त्याला सांगितलं, दादा, आम्ही बैलगाडीनं निघालोय असं समजा.

साळबर्डी सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, गाव अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं मध्यप्रदेशात. डोंगरात महादेवाची गुहा, शिवरात्रीला मोठी यात्रा. तिथल्या ऊन पाण्याच्या जागेला लोक सीतान्हाणी म्हणतात. रामानं सोडल्यावर सीता इथं राहिली, लव-कुश इथंच झाले, असं तिथली माणसं सांगतात. असं सांगणारी गावं देशभर बरीच आहेत, ते सोडा. पण न्हाणी हा शब्द पाहा. राजवाडा नाही, सिंहासन नाही. नवऱ्यानं घराबाहेर काढलेल्या गरोदर बाईला जंगलात काय हवं असेल, तर आडोसा आणि ऊन पाणी. ही जागा नाव ठेवणाऱ्या कुणा बाईलाच सुचली असेल, असं आम्हाला वाटतं. पुरावा काही नाही.

तिथं पोचल्यावर एक अडचण झाली. आमच्यातली एक जण आदल्या रात्रीच बाहेरची झाली होती. ती गाडीतून उतरेना. "देवाचं पाणी आहे, मी नाही येत." दोघी-तिघी म्हणाल्या, खरंच आहे तिचं. बाकीच्या म्हणाल्या, काही होत नाही, चल. तिथं मोठ्यानं वाद नको म्हणून कुणी काही बोललं नाही. एक बादली ऊन पाणी भरून आणलं, झाडामागं लुगड्याचा आडोसा धरला आणि तिनं तिथंच हात-पाय शेकून घेतले. कंबर दुखत होती तिची. ऊन पाण्याची सगळ्यांत जास्त गरज त्या दिवशी तिलाच होती.

दुसऱ्या दिवशी मोर्शीकडून रिद्धपूरला गेलो आणि हाच वाद पुन्हा निघाला, पण वेगळ्या अंगानं. रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं ठिकाण, गोविंदप्रभूंचं गाव. मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ लीळाचरित्र, तो म्हाइंभटांनी तेराव्या शतकात इथंच सिद्ध केला. चक्रधर स्वामींनी साळबर्डीच्या डोंगरात तप केलं होतं, तिथं त्यांना मुक्ताबाई नावाची तपस्विनी भेटल्याची कथा आहे. आणि मराठीतली आद्य कवयित्री महदाइसा, बालविधवा, ती चक्रधरांची शिष्या. तिचे धवळे रिद्धपूरचे. हल्लीच, २०२४ साली, मराठी भाषा विद्यापीठही याच गावात सुरू झालं.

आमच्यातली एक बी.ए.ला मराठी घेतलेली, तिने सांगितलं की चक्रधर बायांना बरोबरीनं शिष्य करून घेत. विटाळाबद्दल त्यांचं म्हणणं असं होतं की शरीरातून जसं इतर काही बाहेर पडतं तसंच तेही, त्यात शिवाशिव कसली. सातशे वर्षांपूर्वीचं हे बोलणं. आणि त्यांच्या शिष्यांना एका जागी न राहता हिंडत राहण्याचा नियम होता, त्याला ते अटन म्हणत. त्या हिंडणाऱ्यांत बाया होत्या. म्हणजे घर सोडून वाटेनं फिरणाऱ्या बाया आपल्या मातीत काही आज उगवल्या नाहीत.

गाडीत मागं बसलेली ती आमची मैत्रीण ऐकत होती. बोलली काही नाही. पण पुढच्या मुक्कामी सगळ्यांत आधी ती पाण्यात उतरली.

पुढे अमरावती, यवतमाळ, आर्णी करत माहूर. रेणुकेचं दर्शन घेतलं, रात्री भक्तनिवासात स्वयंपाक केला, पिठलं-भाकर आणि ठेचा. सकाळी उनकेश्वर. दमणीच्या काळात पैनगंगा ओलांडणं म्हणजे राज्य ओलांडणं होतं. अलीकडे वऱ्हाड, इंग्रजांचा कारभार. पलीकडे निजामाचं हैदराबाद. किनवटचा भाग तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता, १९५६ साली तो नांदेडला जोडला. बाया मात्र देवाच्या नावानं बिनधास्त पलीकडे जात. उनकेश्वरला यादव राजा रामचंद्रदेवाच्या काळातला मराठी शिलालेख आहे, तेराव्या शतकातला. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही हे ठाऊक असलेलं ठिकाण होतं.

तिथली कथा अशी. शरभंग ऋषींना अंगभर व्याधी झाली होती, कातडीचा रोग. राम वनवासात तिथं आले, बाण मारला, ऊन पाणी निघालं, ऋषी बरे झाले. हीच कथा उनपदेवलाही सांगतात, ऋषी तेच, बाण तोच. आणि आपल्या रामटेकला अंबाळा तलाव आहे ना, तिथंही अंब नावाच्या राजाचा कुष्ठरोग त्या पाण्यानं गेला असं सांगतात. अंबाळ्याचं पाणी तर थंड! रामटेकच्या लक्ष्मण मंदिरातल्या यादवकाळच्या शिलालेखात तिथल्या तीर्थांची नावं आहेत. पुढे पहिल्या रघूजी भोसल्यांनी रामटेकच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला.

गरम पाणी असो की थंड, कथा फिरून कातडीच्या रोगावर का येते, याचा विचार आम्ही त्याआधी कधी केला नव्हता. तो उनकेश्वरला करावा लागला.

आम्ही कुंडाच्या पायऱ्यांवर ओळीनं बसलो होतो, पाय पाण्यात. आधी सगळ्या "ऊन आहे गं" म्हणून पाय वर घेत होत्या, मग सवय झाली. एक जण तेवढी शांत बसली होती. शेजारणीनं विचारलं, तुला लागत नाही का? ती म्हणाली, "या पायाला लागते. या पायाला काही समजत नाही." अगदी सहज म्हणाली. आम्ही पाय पाहिला. घोट्याच्या वर फिकट डाग, हाताच्या तळव्याएवढा. तीन वर्षं झाली होती. त्या डागासाठी घरच्यांनी तिला आधीही दोन ठिकाणच्या गरम पाण्यावर नेलं होतं. या सहलीला ती लगेच हो का म्हणाली होती, ते तेव्हा कळलं. सांगितलं का नाही, असं एकीनं विचारलं, तर तिनं उलट विचारलं, "सांगितलं असतं तर एका ताटात जेवल्या असत्या?"

याचं उत्तर आम्ही लगेच देऊ शकलो नाही, हे खरं सांगतो.

बायांनो, इथं थोडं थांबून सांगतो, कारण हे महत्त्वाचं आहे. चामडीवर फिकट किंवा लालसर डाग आणि त्या जागी स्पर्श, ऊन, थंड काही कळत नाही, हे कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. तो देवाचा कोप नाही, मागल्या जन्माचं पाप नाही. तो जंतूचा आजार आहे. एका ताटात जेवल्यानं, हातात हात घेतल्यानं तो लगेच लागत नाही, आणि औषध सुरू झालं की त्या माणसापासून पसरायची भीती लवकरच जाते. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा बारा महिने, रोगाच्या प्रकाराप्रमाणे. पण उशीर झाला तर नसा जातात, बोटं वाकडी होतात, आणि ते परत येत नाही. ऊन पाण्यानं अंग शेकतं, दुखणं हलकं होतं. जंतू मरत नाही. उलट ज्या पायाला ऊन कळत नाही तो पाय भाजला तरी कळत नाही. साखरेचा आजार असलेल्यांनीही हे ध्यानात ठेवावं. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल, पोटात बाळ असेल, तर गरम कुंडात बसण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आता कथेकडे. पूर्वी या रोगावर औषधच नव्हतं. म्हणून माणसं पाण्याकडे जात. दमणीत घालून आणलेल्या कितीतरी बाया तीर्थाच्या पायऱ्यांवर सोडून दिल्या गेल्या असतील. दमणी परत गेली, बाई तिथंच भीक मागत राहिली. देवळासमोरच्या त्या रांगा आमच्यातल्या वयस्करांनी पाहिलेल्या आहेत. याच आपल्या विदर्भात त्याविरुद्ध मोठं काम झालं, याचा अभिमान वाटला पाहिजे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठसेवा सुरू केली. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारलं. बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली, वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं. त्याच सुमारास डॅप्सोन हे औषध वापरात आलं, आणि १९८०च्या दशकात एकाहून अधिक औषधं एकत्र द्यायची पद्धत आली. तेव्हापासून हा रोग पूर्ण बरा होतो.

औषध आलं तरी कायदा मागं राहिला. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागायची सोय आपल्या कायद्यात २०१९पर्यंत होती. त्या वर्षी संसदेने ती काढून टाकली. तीन वर्षं डाग लपवणारी बाई उगाच घाबरत नव्हती.

परतीच्या वाटेवर वर्ध्याला थांबायचं ठरलं होतं, तो मुक्काम रद्द केला. गावी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी आशाताईंना घेऊन चौघी तिच्यासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. नवऱ्याला आधी सांगायचं की नंतर, यावर तिनंच ठरवलं. नंतर.

सहलीतल्या एका गोष्टीचा राग मात्र अजून गेला नाही. वाटेतल्या एका कुंडावर बायांना कपडे बदलायची खोली होती, पण कुलूपबंद. किल्ली ज्याच्याकडे, तो माणूस गावात नाही. दोन पोरं मोबाइल घेऊन कठड्यावर बसलेली. आम्ही ओल्या लुगड्यांनी एकमेकींना आडोसा धरला, आजीच्या काळी धरत होते तसाच. जिथं जाल तिथं आधी खोली उघडी आहे का ते बघा, नसेल तर सगळ्या मिळून मागा. अकरा जणी एकदम मागतात तेव्हा किल्ली सापडते, हा आमचा अनुभव आहे. आम्हालाही ती अर्ध्या तासात सापडली, फक्त तोवर अंघोळी झाल्या होत्या.

जायचं मनात असेल तर गाडीच हवी असं नाही. मार्च २०२३पासून एस.टी.त बायांना अर्धं तिकीट आहे, वस्ती करत करत सावकाश जाता येतं. आणि ज्या गटांची गावं अशा झऱ्यांजवळ आहेत त्यांना सांगतो, शासनाचं आई नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण २०२३ साली आलं. पर्यटनाचा धंदा करणाऱ्या बाईला पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा त्यात आहे. पर्यटन कार्यालयात विचारा. आम्हाला वाटेत गरम पानगे आणि वांग्याची भाजी कुठंच विकत मिळाली नाही, सगळीकडे समोसा नि मॅगी. झऱ्याजवळच्या कुठल्या तरी गटानं हे मनावर घ्यावंच.

आता तिची गोळ्यांची पाकिटं सुरू आहेत. चौथं परवाच आणलं. सभेत ती नेहमीच्याच जागी बसते, आणि त्या दिवशी आजीनं पानगे केले तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकाच परातीतून घेतले. आजीनं विचारलं, उनकेश्वरचं पाणी कसं होतं. ती म्हणाली, "एका पायानं सांगू की दोन पायांनी?" आजीला गंमत कळली नाही. तिनं बैल कुठं सोडले होते ते विचारलं.